माळवदाखालची शिल्लक



सास्तुरात पैशाविषयी बोलायचं तर मला आधी भिंतींविषयी बोलावं लागतं. आज पदवी हातात घेतलेल्या तुमच्यापैकी कुणी जुनं गाव पाहिलेलं नाही. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती टाकायची. ज्याची भिंत जाड, तो घरंदाज. सुगीचा पैसा वाड्यात जायचा, उरला तर सोन्यात, आणि बायकांनी पोटाला चिमटा काढून राखलेला उतरंडीच्या तळच्या गाडग्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून गाव झोपलं असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात तेच माळवद खाली आलं. माणसं गेली, आणि आयुष्यभराची शिल्लकही त्याच ढिगाऱ्याखाली गेली.

मी तेव्हा उमरग्याला एका बँकेत नवा कारकून होतो. दिवाळीच्या आसपास काउंटरवर एक मावशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पासबुक काढलं. पानं मातीनं चिकटलेली. ठेव एकट्या नवऱ्याच्या नावावर, नॉमिनीचा रकाना कोरा. मी त्यांना कागदपत्रं आणायला परत पाठवलं. एकदा नाही, तीनदा. मी नियमावर बोट ठेवत होतो आणि मावशी पासबुकावरची माती नखानं खरवडत उभ्या होत्या. ते नख मला अजून दिसतं.

म्हणून गुंतवणुकीवर बोलायला आलेला माणूस आधी नॉमिनीवर बोलतोय. आता बँक खात्याला नॉमिनी म्हणून चार जणांपर्यंतची नावं देता येतात. तेवढ्यानं सगळे वाद मिटत नाहीत, कारण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त, वारसाहक्क वेगळा. पण निदान घरच्या बाईला हेलपाटे पडत नाहीत. वडिलांचं खातं, विमा, पोस्टाचं पुस्तक, सगळीकडचा तो रकाना या आठवड्यात बघा.

दुसरं, पैसा ठेवलाय तिथं छप्पर कसलं आहे ते विचारा. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. त्याच १९९३ च्या मे महिन्यात ते ३० हजारांवरून १ लाख झालं, २०२० पासून ५ लाख आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला, मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटी झगमगीत, व्याज दोन-चार टक्के जास्त, एजंट आपल्याच भावकीतला, म्हणून ठेवी दिल्या जातात. माझ्या सख्ख्या बहिणीनं सोयाबीनचे पैसे असेच ठेवले होते. तिला मुद्दलही मिळालं नाही. मी बँकेतला भाऊ, आणि तिनं मला विचारलं नव्हतं. त्याहून जास्त सलतं ते हे की मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

भूकंपानंतर याच भागात बायकांनी दुसरी वाट काढली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर त्या घरदुरुस्तीच्या कामात गावोगाव संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या आणि पुढं बचत गटांत आल्या. गटाची वही सगळ्यांसमोर उघडली जाते, कुणाकडं किती बाकी ते मोठ्यानं वाचलं जातं. हिशेबाला इतका उजेड मी मोठ्या संस्थांतही कमी पाहिला.

तुमच्या हातातल्या मोबाइलवर मात्र रात्री अंधारात ऑप्शनचे सौदे चालतात, हे मला माहीत आहे. सेबीनं २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांत ९३ जण तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. आपल्याकडं २ लाख म्हणजे बहिणीचं लग्न किंवा विहिरीचं खोदकाम अडतं. उलट पीपीएफमध्ये दरवर्षी ५ एप्रिलच्या आत १२ हजार भरत गेलात, तर ७.१ टक्क्यांचा दर टिकल्यास १५ वर्षांत १ लाख ८० हजारांचे सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. हे हळू आहे. म्युच्युअल फंडाची एसआयपीही जरूर करा, पण सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नाही अशाच पैशाची. बाजार पडला म्हणून पाय काढून घ्यावा लागला तर तो पैसा तिथं नको होता. आणि वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तोही कुणी चुकवू नका.

त्या मावशींचे पैसे शेवटी मिळाले. त्यांनी ते पुन्हा ठेवीतच ठेवले. मी फॉर्म भरत होतो. नॉमिनीच्या रकान्यापाशी थांबलो, तर त्यांनी लेकीचं नाव सांगितलं. मी लिहिलं. ‘‘वाचून दाखवा,’’ म्हणाल्या. मी वाचलं.

‘‘आणखी एकदा वाचा, साहेब.’’