रांगेतला शेजारी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी आपल्या सिनेगॉगचा इतिहास सांगावा अशी कमिटीची सूचना होती. जागा कशी मिळाली, पहिला सेफेर तोरा कोणी आणला, छप्पर कितीदा गळले आणि कोणी दुरुस्त करून दिले, हे सर्व या पुस्तिकेत इतरांनी आमच्यापेक्षा चांगले लिहिले आहे. आम्हाला थोडे मागे जाण्याची परवानगी असावी. 'आम्ही' म्हणजे शब्बाथच्या दुपारी मिन्हापूर्वी मागच्या खोलीत बसून पुस्तके वाचणारी सात-आठ म्हातारी मंडळी. कोणी आयुष्यभर बस चालविली, कोणी हॉस्पिटलात नर्स होत्या, कोणी कारखान्यात फिटर. इतिहासाचा पंडित आमच्यात एकही नाही. शब्बाथला लिहायचे नाही, तेव्हा वाचलेले डोक्यात ठेवायचे आणि रविवारी आठवेल तेवढे वहीत उतरवायचे, असा आमचा रिवाज आहे. हे भाषण त्या वहीतले आहे.

गेले वर्षभर आम्ही युद्धकैद्यांबद्दल वाचत होतो. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर या देशात 'बंदिवान' हा शब्द उच्चारताना कोणाचाच आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्या दिवसांबद्दल आम्ही आज बोलणार नाही. ती जखम ओली आहे, आणि या सभेत बसलेल्यांपैकी काहींना ती आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आम्ही वाचले ते जुने. पण जुने वाचताना मन कुठे जात होते हे सांगायला नको.

सुरुवात आपल्या घरच्याच गोष्टीने झाली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास आपणांस माहीत आहे. लिहून झाला १८९७ साली आणि छापला गेला १९३७ साली, तोही मुंबईत नव्हे तर तेल अवीवला. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, यांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकली आहे. सामाजी इंग्रजांच्या मुंबई फौजेत देशी अधिकारी होते. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. कैद्यांना मारण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांना जात विचारली गेली. त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. टिपूच्या आईने ते ऐकले आणि म्हटले की हे नाव कुराणात आहे, ही माणसे मी आजवर पाहिली नव्हती, यांना मारू नकोस. सामाजी वाचले, सुटून मुंबईला आले आणि नवस फेडण्यासाठी १७९६ साली त्यांनी मांडवीला शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग बांधले. मुंबईतले ते पहिले. सेफेर तोरा आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिथेच पुढच्या वर्षी वारले. आपली माणसे त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे आपल्यात सांगत आले आहेत.

ही कथा सांगोवांगीची आहे. कोणी आईचे नाव घेतात, कोणी दरबारातल्या मुनशीचे. पण बनी इस्राएल हे नाव कुराणात अनेकदा येते हे खरे, त्याच्या सतराव्या सुऱ्याला त्याच नावानेही ओळखतात. आणि १७९६ चे सिनेगॉग खरे, त्याला तर हात लावता येतो.

त्या दुपारी आमच्यातल्या एका बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "सामाजींच्या शेजारी कोण उभा होता हो?"

आम्ही म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे, रांग असेल ना? सामाजींनी सांगितले बेने इस्राएल, सुटले. त्यांच्या पुढच्याने काय सांगितले? त्याचे नाव तर कुठल्या पुस्तकात नसणार."

त्या बाई ज्या स्वरात हे म्हणाल्या त्या स्वरात नर्स लोक वॉर्डातल्या दुसऱ्या खाटेबद्दल विचारतात. कोणालाच उत्तर देता आले नाही. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलो, पण रांगेतला दुसरा माणूस आम्हाला कधी दिसला नव्हता. मग आम्ही त्याला शोधायला निघालो.

परंपरा सामाजींना जनरल मॅथ्यूजच्या फौजेत धरते. मॅथ्यूजने जानेवारी १७८३ मध्ये बेदनूर घेतले. किल्लेदार अयाज याने ते जवळजवळ हातीच दिले. हैदर अली नुकताच, डिसेंबर १७८२ मध्ये, वारला होता. टिपूने येऊन वेढा दिला आणि एप्रिल संपता संपता इंग्रज शरण आले. अट अशी होती की सरकारी खजिना परत करायचा आणि फौजेला समुद्राकडे जाऊ द्यायचे. टिपूने पाहिले तो खजिना रिकामा, आणि पैसा अधिकाऱ्यांच्या सामानात. करार मोडला असे म्हणून त्याने सर्वांना बेड्या घातल्या. इंग्रज लेखक यावर टिपूला दोष देतात, दुसरे मॅथ्यूजला. याच मोहिमेत अनंतपूरच्या किल्ल्यात इंग्रज फौजेने केलेल्या कत्तलीचाही आरोप आहे. आमच्या मंडळीत यावरून बराच वाद झाला, मिन्हाला उशीर झाला, आणि हजानसाहेबांनी आम्हाला रागावून बोलाविले. वादाचा निकाल लागला नाही. पण वाद घालताना आमच्या लक्षात आले की खजिना कोणी वाटून घेतला हे भांडण साहेबांचे. पगारी शिपायाच्या झोळीत त्यातले काही पडल्याचे कोणी म्हणत नाही. बेड्या मात्र त्यालाही पडल्या. मॅथ्यूज कैदेतच मेला, विष देऊन असे बोलले जाते. मार्च १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला तेव्हा उरलेले सुटले.

श्रीरंगपट्टणच्या कैदेतल्या युरोपियनांनी आठवणी लिहिल्या. पोलिलूरच्या लढाईत १७८० साली पकडलेला डेव्हिड बेअर्ड साडेतीन वर्षांहून अधिक साखळीत होता. दोघादोघांना एका साखळीत बांधीत. आपला मुलगा असा बांधला आहे हे स्कॉटलंडमध्ये त्याच्या आईला कळले, तेव्हा तिने म्हणे त्याच्याबरोबर बांधलेल्या गरिबाचीच कीव केली. आई लेकाचा स्वभाव ओळखून होती! १७९९ साली हाच बेअर्ड श्रीरंगपट्टणच्या तटावर हल्ला घेऊन चढला. पण साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाची कीव करणारी निदान एक बाई निघाली, म्हणून आमच्या नर्सबाई खूश झाल्या.

हिंदी शिपायाच्या आठवणी लिहायला कोणी बसले नाही. सामाजींनी त्या दगडाविटांत लिहिल्या असे म्हणावे लागेल.

यानंतर आम्ही कूतचे पुस्तक घेतले. मेसोपोटेमियातले कूत अल-अमारा. तिथे वेढ्यात सापडली ती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. या पलटणींतली माणसे कुठली? कोकणातली आणि घाटावरची. आमच्यातल्या एकाच्या गावी, अलिबागकडे, शाळेजवळ संगमरवरी पाटी होती की या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतके वारले. त्यांचे वडील तिच्यावर हात ठेवून सांगत की यातले दोघे आपल्या घाण्यावर तेल न्यायला येत. बेने इस्राएल तोवर फौजेतून बरेचसे बाहेर पडले होते. पण शेजारी म्हणजे काय ते आम्ही त्या बाईंच्या प्रश्नापासून शिकत होतो.

वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती दिली. १४७ दिवस. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपाई घोड्याचे मांस खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी यंत्राने परवानगी मागविली, तरी पुष्कळांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंडाला लावले नाही, कारण गावी परत गेल्यावर काय सांगणार? यावर आमच्या खोलीत कोणी हसले नाही. काश्रूथ म्हणजे काय हे आपल्याला समजते. परिणाम असा झाला की हिंदी शिपाई आधी खंगले, हिरड्या सडल्या. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली. तुर्कांना दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले. तुर्कांनी नाकारले.

सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत तीन हजारांच्या वर भिस्ती, स्वयंपाकी, मोतद्दार असे बिनलढाऊ लोक होते. शुमरानच्या छावणीत त्यांना दगडासारखी बिस्किटे मिळाली. उपाशी पोटांनी ती खाल्ली आणि कित्येक तिथेच मेले. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेले. शिपायांना पायी. पुढे ऐन उन्हाळ्यात तिक्रित, मोसुल, निसिबिन करीत शेकडो मैल. बूट विकून भाकरी घेतली, मग अनवाणी चालले, आणि जो मागे पडला तो मागेच राहिला. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. स्वतः टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. नोकर होते, आणि त्याच वर्षी त्याला 'सर' हा किताब मिळाला. आमच्यातले बस चालविणारे गृहस्थ सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "गाडी पालथी झाली तर ड्रायव्हर आधी उतरत नाही."

गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून पुष्कळ जास्त परत आले नाहीत, आणि त्यांची मोजणी बरीच नीट झाली. हिंदी माणसांचा आकडा पुस्तकागणिक बदलतो. कुठे अडीच हजार, कुठे तीन हजार. मधली पाचशे माणसे कोण होती?

या कैदेतला एक आवाज मात्र शिल्लक आहे. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाली तरुण रुग्णसेवकांच्या तुकडीत होता. त्याने डायरी ठेवली, पाने फाडून बुटात लपविली, आणि १९५७ साली त्याचे बंगाली पुस्तक निघाले. रास अल-ऐनला या कैद्यांनी आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसे पाहिली, ती म्हणजे वाळवंटात मरायला हाकललेले आर्मेनियन. रांग कुठे संपते ते कळेना असे आम्हाला झाले.

तिसरे वाचन दुसऱ्या महायुद्धाचे. ते आम्ही पुढे ढकलीत होतो. तिथेही कैद्याला सामाजींचाच प्रश्न विचारला जात होता, तू कोण? पण उत्तराचा अर्थ उलटा झाला होता. लाल फौजेतला यहुदी सैनिक सापडला की बहुधा तिथेच गोळी. जर्मनांच्या हाती सुमारे सत्तावन्न लाख सोव्हिएत कैदी पडले, त्यांतले तेहतीस लाखांच्या आसपास मेले, बरेचसे उपासमारीने. उलट १९४१ साली ग्रीसमध्ये इथून ब्रिटिश फौजेत गेलेले सुमारे दीड हजार यहुदी स्वयंसेवक पकडले गेले, आणि अंगावर ब्रिटिश गणवेश होता म्हणून बहुतेक जिवंत परत आले. माणूस तोच, कोट वेगळा!

आणि मग जर्मनीतले त्सीगेनहाइन, स्टालाग ९-अ, जानेवारी १९४५. अमेरिकन कैद्यांची छावणी, बाराशेहून अधिक माणसे, त्यांत यहुदी सुमारे दोनशे. कमांडंटचा हुकूम आला की उद्या सकाळी फक्त यहुद्यांनी बाहेर उभे राहायचे. कैद्यांत हुद्द्याने वरिष्ठ होता रॉडी एडमंड्स, टेनेसीचा ख्रिस्ती सार्जंट. त्याने सर्वांना बाहेर उभे केले. कमांडंट म्हणाला, हे सगळे यहुदी असणे शक्य नाही. एडमंड्सने सांगितले की इथे आम्ही सगळेच यहुदी आहोत. कपाळाला पिस्तूल लागले तरी तो बदलला नाही. जिनिव्हा कराराप्रमाणे नाव, हुद्दा आणि नंबर एवढेच सांगायचे आहे, गोळी घालायची तर सर्वांना घालावी लागेल, आणि युद्धानंतर त्याचा जाब द्यावा लागेल, असे त्याने बजाविले. कमांडंट निघून गेला. दुसऱ्या एका छावणीत, बाड ओर्बला, असे घडले नाही. तिथून साडेतीनशे अमेरिकन कैदी बेर्गाला बोगदे खणायला पाठविले गेले आणि कित्येक मेले. एडमंड्स १९८५ साली वारला. घरी तो यातले काही बोलला नव्हता. २०१५ साली याद वाशेमने त्याचा गौरव केला.

हे वाचून झाल्यावर नर्सबाईंनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, "हा शेजारी." त्या दिवशी मिन्हाला आम्ही पाच मिनिटे आधी गेलो.

आपल्या धर्मात बंदिवान सोडविणे हे फार मोठे कर्तव्य मानले आहे. रांबामने तर त्याहून मोठे दान नाही असे ठरविले, आणि स्वतः कैद्यांच्या सुटकेसाठी पैसे गोळा केले. रोज सकाळच्या तेफिल्लात बंदिवानांना मुक्त करणाऱ्याचे स्तवन आपण करतो. खरे सांगायचे तर ते शब्द आम्ही साठ-साठ वर्षे घाईघाईने म्हणत आलो. हल्ली तिथे आमच्यातले एक-दोन जण मागे पडतात आणि हजानसाहेबांना गाठताना धावपळ होते.

कमिटीला एक विनंती आहे. मुंबईहून, पुण्याहून, कोकणातून येताना कित्येकांनी पेट्यांत फौजेतले जुने कागद आणले असतील, पेन्शनची पुस्तके, बिल्ले, पत्रे. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून ती फेकू नयेत. आमच्याकडे आणून द्यावीत, आम्ही वाचून हिब्रूत टिपण करून देऊ. त्यांत शेजाऱ्यांची, सोबत्यांची नावे असतील तर तीही लिहून घेऊ, मग ती कोणत्याही जातीची असोत. पुढच्या शब्बाथला सिंगापूरच्या १९४२ च्या शरणागतीचे पुस्तक सुरू होत आहे. मागची खोली, दुपारी तीन. मोठ्या अक्षरांची प्रत एकच आहे, तेव्हा चष्मा घेऊन यावे.