निरोप एक, ऐकणारे पांच

शाळेंत मधल्या सुटीची घंटा वाजते. घंटा एकच, तिचा नादही एकच. पण ती ऐकतांच मुलें मैदानाकडे धांव घेतात, शिक्षक आपल्या खोलींत जाऊन घटकाभर टेकतात, आणि फाटकाशीं बसलेला चणेवाला आपली पाटी पुढें ओढतो. धांवण्याची किंवा बसण्याची आज्ञा घंटेच्या नादांत नसते. ती ऐकणाऱ्याच्या ठिकाणीं असते. आपल्या देहांतही अशी एक घंटा अहोरात्र वाजत असते. तिचें नांव ॲसेटिलकोलीन. ती ऐकण्यासाठीं पेशींना जे कान लाभले आहेत, त्यांना शास्त्रीय भाषेंत ग्राही म्हणतात. त्यांपैकीं मस्करिनी ग्राही या एका कुळाविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. हा विषय प्रयोगशाळेपुरताच आहे असें मात्र समजूं नये. आपल्या घरांतील औषधांच्या डब्याशीं त्याचा फार निकट संबंध आहे.

मज्जातंतु आपला निरोप विजेच्या द्वारें देतात कीं एखाद्या द्रव्याच्या द्वारें, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठा होता. १९२१ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें ऑटो लोवी यांनीं बेडकाचीं दोन हृदयें क्षारयुक्त पाण्यांत धडधडत ठेविलीं. एकाला व्हेगस नांवाचा मज्जातंतु जोडलेला होता. दुसऱ्याचा काढून टाकलेला होता. पहिल्याच्या मज्जातंतूला चेतना देतांच त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयांतील पाणी दुसऱ्यांत घातलें, तों तेंही मंदावलें! निरोप पाण्यांतून गेला होता. अर्थात् तो द्रव्यरूप होता. तें द्रव्य म्हणजेच ॲसेटिलकोलीन. त्यापूर्वीं, १९१४ सालीं, इंग्लंडांत हेन्री डेल यांनीं दाखविलें होतें कीं, या द्रव्याच्या क्रिया दोन तऱ्हांच्या आहेत : एक तऱ्हा लाल टोपीच्या विषारी अळंब्यांत सांपडलेल्या मस्करिनासारखी, दुसरी तंबाखूंतील निकोटिनासारखी. या दोघांना १९३६ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. हातपाय हलविणाऱ्या स्नायूंवर निकोटिनी ग्राही असतात. हृदय, आंतडीं, मूत्राशय, लाळग्रंथि, डोळ्याची बाहुली हे जे व्यवहार आपणांस न विचारतां चालतात, तेथें मस्करिनी ग्राहींची सत्ता असते. मेंदूंत दोन्हीं नांदतात.

हा ग्राही दिसतो कसा? तो एक प्रथिन आहे, म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ आहे. माणसांतील एका प्रकारांत असे ४६० मणि आहेत, तर दुसऱ्या एकांत ५९०. गोधडीला धांवदोरा घालतांना सुई जशी वरून खालीं व खालून वर जाते, तशी ही माळ पेशीच्या पातळ पटलांतून सात वेळां आरपार जाते. एक टोंक बाहेर राहतें, दुसरें आंत. हे सात पिळदार टांके वर्तुळांत उभे राहतात व त्यांच्या मध्यें एक खोल खळगा तयार होतो. ॲसेटिलकोलीनच्या एका टोंकावर धन विद्युद्भार असतो. खळग्यांत ॲस्पार्टिक आम्लाचा एक मणि ऋण भार घेऊन बसलेला असतो. तो पाहुण्याला ओढून घेतो आणि वरून टायरोसीन नांवाच्या मण्यांचें झांकण मिटतें. २०१२ सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें यांपैकीं दोन ग्राहींची सबंध घडण शास्त्रज्ञांना दिसली.

पाहुणा बसला कीं टांक्यांचीं आंतलीं टोंकें किंचित् फांकतात व तेथील जी-प्रथिन नांवाचा शिपाई जागा होतो. येथून पुढें मार्ग वेगळे होतात. या कुळांत पांच भाऊ आहेत. त्यांना एम-१ ते एम-५ अशीं नांवें आहेत. पहिला, तिसरा व पांचवा यांचा शिपाई पेशींतील कॅल्शियम वाढवितो. त्यायोगें स्नायु आकसतो, ग्रंथि पाझरते. दुसरा व चौथा यांचा शिपाई पेशीला शांत करतो. हृदयांत दुसऱ्याचें राज्य आहे. तेथें निरोप पोंचतांच पोटॅशियमचीं द्वारें उघडतात व ठोके मंदावतात. आंतडीं, मूत्राशय व श्वासनलिका यांच्या आकुंचनाचा मुख्य सूत्रधार तिसरा. तोंडाला पाणी सुटतें तेंही मुख्यतः त्याच्यामुळें. मेंदूंत पहिल्याचा संबंध स्मरणाशीं व शिकण्याशीं आहे.

निरोपापेक्षां ऐकणारा महत्त्वाचा, याचें सुंदर उदाहरण रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं दाखविलें. सशाच्या रक्तवाहिनीचें आंतलें अस्तर शाबूत असेल तर ॲसेटिलकोलीननें ती सैल पडते. अस्तर खरवडून काढलें तर तीच वाहिनी उलट आकसते. अस्तराच्या पेशी निरोप ऐकून एक वायु सोडतात व तो शेजारच्या स्नायूला सैल करतो. हा वायु नायट्रिक ऑक्साइड होय, असें पुढें सिद्ध झालें.

आतां, कोणी या कानांत बोळा घातला तर? शंकराला आपण ज्याचें फूल वाहतों त्या धोत्र्यांत ॲट्रोपिनाच्या वर्गांतील विषें असतात. तीं त्याच खळग्यांत जाऊन बसतात, पण शिपायाला जागें करीत नाहींत. परिणामीं तोंड सुकतें, बाहुली विस्फारते, नाडी धांवूं लागते, लघवी तुंबते आणि मनुष्य बरळूं लागतो. याच्या नेमकें उलट कांहीं कीटकनाशकांनीं घडतें. ॲसेटिलकोलीन आपलें काम होतांच पुसून टाकणारें एक विकर शरीरांत असतें. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषें त्यालाच निकामी करतात, व मग घंटा थांबतच नाहीं. लाळ, घाम व अश्रु वाहतात, बाहुली टाचणीच्या टोंकाएवढी होते, श्वासनलिका स्रावांनीं भरतात. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पिकांवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हें आपणांस स्मरत असेल. सेंद्रिय फॉस्फरसाच्या विषबाधेवर रुग्णालयांत डॉक्टर ॲट्रोपिनाचींच इंजेक्शनें देतात. एक विष दुसऱ्याचें तोंड बंद करतें. पण मात्रा मोजण्याचें तें काम वैद्यकाचें, घरगुती उपायांचें नव्हे.

आणि आतां औषधांच्या डब्याकडे वळूं. पांचही भावांचा तो खळगा जवळजवळ सारखाच असल्यामुळें, एकालाच लागू पडेल आणि बाकीच्यांना स्पर्शही करणार नाहीं, असें औषध बनविणें फार कठीण जातें. शिवाय नित्याच्या अनेक गोळ्यांत या ॲट्रोपिनी गुणाची छटा असते. सर्दीपडशावरील क्लोरफेनिरामिन, मूत्राशयाच्या तक्रारीवरील ऑक्सिब्युटिनिन, झोंपेसाठीं किंवा दुखण्यासाठीं दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन हीं त्यांतलीं परिचित नांवें. एकेकटी गोळी कदाचित् सोसते. पण तीन वैद्यांच्या तीन गोळ्या एकाच म्हाताऱ्या देहांत एकत्र आल्या कीं त्यांची बेरीज होते. आजोबांचें तोंड कोरडें पडतें, शौचाला होत नाहीं, लघवी अडते, चालतांना तोल जातो, नातवाचें नांव आठवत नाहीं, आणि घरांतील माणसें म्हणतात, "म्हातारचळ लागला." तो म्हातारचळ नसेलही, कदाचित् एम-१ च्या कानांत बोळा बसला असेल, आणि तो काढतां येण्याजोगा असेल.

या शास्त्राचें फळ केवळ सावधगिरीचें नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें स्किझोफ्रेनिया या मनोविकारावर एका जोडऔषधास मान्यता दिली. त्यांतील झॅनोमेलीन मेंदूंतील पहिल्या व चौथ्या भावास जागें करतें. ट्रोस्पियम हें दुसरें द्रव्य मेंदूंत सहसा शिरत नाहीं, म्हणून तें बाहेरच्या अवयवांचे कान तेवढे झांकून धरतें. घंटा सर्वत्र वाजवावयाची, पण ज्यांनीं ऐकूं नये त्यांच्या कानांवर हात ठेवावयाचा, अशी ही युक्ति आहे.

मी शाळामास्तर, औषधें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु एक गृहपाठ देतों. घरांतील वडील माणसें ज्या ज्या गोळ्या घेतात, त्या सर्वांची, सर्दीच्या व झोंपेच्या गोळ्यांसकट, एक यादी करावी आणि ती डॉक्टरांपुढें ठेवावी. आपल्या मनानें कोणतीही गोळी बंद करूं नये; पण "यांतली कोणती कमी करतां येईल?" हा प्रश्न विचारण्यास संकोचूं नये.