शाळेतले नाव
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा शाळेच्या कपाटातून सर्वांत आधी बाहेर आली ती जुनी जनरल रजिस्टरे. कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, शाई कुठे निळी तर कुठे तपकिरी झालेली. प्रवेश क्रमांक, संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात 'वडिलांची बदली', 'एस.एस.सी. उत्तीर्ण' आणि क्वचित 'लग्न'. शाळेच्या पहिल्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. त्यांना शोधून काढण्याचे काम महोत्सव समितीने हाती घेतले.

मुलगे लवकर सापडले. नाव तेच, वडिलांचे नाव तेच, आडनावही तेच. कोणी वडोदऱ्यातच, कोणी पुण्यात, कोणी न्यू जर्सीत. दोन-चार फोन केले की पत्ता लागे. मुलींची गोष्ट निराळी होती. रजिस्टरातली मुलगी लग्नाच्या मांडवातून बाहेर पडली ती वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, नवे आडनाव आणि पुष्कळदा नवे पहिले नावही घेऊन. ताटभर तांदळांत सोन्याच्या अंगठीने चार अक्षरे उमटली आणि शाळेतली मुलगी कागदोपत्री नाहीशी झाली.

ही रीत जुनीच आहे. महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. वडोदऱ्याचा राजवाडाही याला अपवाद नव्हता. सयाजीरावांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. १८८० मध्ये ती इकडे आली आणि चिमणाबाई झाली. तिच्या निधनानंतर देवासच्या घाटग्यांची गजराबाई आली, तीही चिमणाबाईच झाली. तंजावरात लक्ष्मीबरोबर आणि देवासात गजराबरोबर खेळलेल्या मुलींनी पुढे आपल्या मैत्रिणीला मनातल्या मनात कोणत्या नावाने हाक मारली असेल, कोण जाणे.

समितीला अखेर वाट सापडली ती भावांमुळे. एकाच घरातली मुले रजिस्टरात थोड्या अंतराने येतात. बापाचे नाव आणि जन्मस्थळ जुळले की भाऊ कळतो. भाऊ सापडला की बहीण सापडते. बहिणींना भावाच्या नावाने हुडकावे लागावे ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पण वाट तीच होती.

असाच एका भावाचा फोन नंबर सुरतेहून मिळाला आणि त्यातून दोन मैत्रिणींची गाठ पडली. दोघी दांडिया बाजारच्या एकाच वाड्यातल्या, पहिलीपासून एस.एस.सी.पर्यंत एका बाकावर बसलेल्या. एक वडोदऱ्यातच राहिली, बँकेत लागली. दुसरी लग्न होऊन गेली. तिच्या पतीची नोकरी वीज मंडळातली. बिलासपूर, मग जबलपूर, मग रायपूर. चार-पाच वर्षे आंतरदेशीय पत्रे येत-जात राहिली. पत्त्याखाली सहा आकड्यांचा पिनकोड असे. (तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामांकित लेखक होते, हे शाळेत कधी शिकवले जात नाही.) त्या आकड्यांनी पत्र नेमक्या गावी पोचे, पण मैत्रिणीचे बिऱ्हाड हलले, एका पत्राला उत्तर उशिरा गेले, पुढचे पत्र परत आले. दोघींच्याही घरी तान्ही मुले होती. भांडण झाले नाही, रुसवा नाही. पत्रे थांबली एवढेच. आणि एक्केचाळीस वर्षे गेली.

पहिला फोन वडोदऱ्याहून गेला. रायपूरच्या घरात सुनेने उचलला, "आईंना देते," म्हणाली. इकडून सासरच्या नावाने विचारणा झाली, तिकडून "हो, मीच बोलतेय, आपण कोण?" असे अदबशीर उत्तर आले. मग इकडून शाळेतले नाव उच्चारले गेले, हजेरीत घेतात तसे, वडिलांच्या नावासकट. पलीकडे काही वेळ काहीच आवाज नव्हता. नंतर पहिले वाक्य आले ते असे: "अगं, माझा कंपास तुझ्याकडेच राहिलाय."

पुढचा अर्धा तास भूमितीच्या बाई, आवारातली चिंच आणि वाड्यातला पाण्याचा नळ यांत गेला. गुडघे, साखर आणि मोतीबिंदू हे विषय दुसऱ्या फोनला निघाले. पतीच्या निधनाचे तिसऱ्या फोनला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. चार दशकांचा हिशेब आधी चुकता करावा आणि मग बोलावे, असे त्यांना वाटले नाही. त्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच सुरू झाल्या.

वय वाढते म्हणजे काय होते, याची उत्तरे डॉक्टर देतात ती सर्वांना पाठ आहेत. मराठी भाषेने दिलेले उत्तर मात्र सहसा ऐकू येत नाही. वय वाढते तसतशी माणसाला 'तू' म्हणणारी माणसे कमी होत जातात. आधी आजी-आजोबा जातात, मग मामा-मावश्या, मग आई-वडील. मोठी भावंडे एकेक करून कमी होतात. उरतात ते 'अहो' म्हणणारे. दुकानदार 'काकू' म्हणतो, रिक्षावाला 'माजी' म्हणतो, बँकेतली मुलगी 'मॅडम', नातवंडे 'आजी'. या प्रत्येक हाकेत आदर असतो, मायाही असते. पण त्यांतली एकही हाक बारा वर्षांच्या मुलीला मारलेली नसते. तिला ओळखणारे कुणी उरले नाही की ती मुलगी होती याला पुरावा तेवढा रजिस्टरातल्या ओळीचा राहतो. बालमैत्रीण 'अगं ए' म्हणते तेव्हा दोघींच्या आठवणी ताज्या होतात हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की एकीच्या आयुष्याच्या पहिल्या भागाला दुसरी साक्षीदार म्हणून उभी राहते.

मोठ्या माणसांनाही असा साक्षीदार हवासा वाटतो. वडोदऱ्याहून रेल्वेने दक्षिणेला निघाले की सुरतेपलीकडे वलसाड लागते आणि त्याच्या लगत तीथलचा समुद्रकिनारा. १९३७ च्या मे महिन्यात गांधीजी तिथे विश्रांतीसाठी राहिले होते. तिथे त्यांना भेटायला दक्षिण आफ्रिकेहून एक सहासष्ट वर्षांचा गृहस्थ आला. हर्मन कॅलनबाख, जन्माने जर्मन ज्यू, व्यवसायाने वास्तुरचनाकार. जोहान्सबर्गजवळची आपली ११०० एकर जमीन १९१० मध्ये त्याने सत्याग्रहींच्या कुटुंबांना भाड्यावाचून दिली होती. तीच टॉलस्टॉय फार्म. १९१४ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि कॅलनबाख गोखल्यांना भेटण्यासाठी बोटीने इंग्लंडला निघाले. वाटेत त्याच्या महागड्या दुर्बिणीवरून दोघांत वाद रंगला आणि शेवटी ती दुर्बीण दोघांच्या संमतीने समुद्रात गेली. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग लिहिला आहे. पुढे कॅलनबाखने भारतात यायचे ठरले होते. पण महायुद्ध पेटले, जर्मन म्हणून त्याला परवानगी मिळाली नाही आणि उलट स्थानबद्धतेत राहावे लागले. मित्राच्या देशात पाय ठेवायला त्याला तेवीस वर्षे लागली.

त्या तेवीस वर्षांत एकाचे अवघे जगणे देशासमोर उघडे झाले होते. सारा देश त्याला महात्मा किंवा बापू म्हणत होता. जोहान्सबर्गच्या वकील गांधींबरोबर एका घरात राहिलेला, त्यांच्याशी आहारावरून हुज्जत घातलेला, सायकलवरून हिंडलेला माणूस भोवताली जवळजवळ कुणी नव्हता. कॅलनबाख तो होता. त्याच्या भेटीमागे मैत्रीखेरीज एक राजकीय कामगिरीही होती हे लपवण्याचे कारण नाही. ज्यूंच्या प्रश्नावर गांधीजींचे मन वळवावे, अशी त्याला पाठवणाऱ्यांची अपेक्षा होती. ते साधले नाही. दोघांची मते वेगळीच राहिली. तरी १९३९ मध्ये तो पुन्हा आला. हिटलरसाठी प्रार्थना करणे आपल्याला शक्य नाही, असे तो म्हणे, आणि त्याच्या त्या रागाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही, असे गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले. आज शाळेच्या बाकावर बारा वर्षे शेजारी बसलेली माणसे मोबाइलवरच्या एका चित्रफितीवरून एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात, तेव्हा हे वाक्य फार जवळचे वाटते. कॅलनबाख १९४५ मध्ये गेला. गांधीजींची पत्रे त्याने शेवटपर्यंत जपली होती. २०१२ मध्ये लिलाव होण्याआधी भारत सरकारने तो संग्रह विकत घेतला.

शोधकार्यातली एक चूक मात्र इथे सांगायला हवी, कारण ती शाळेची आहे. माजी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या पहिल्या माहितीपत्रकात एक रकाना होता: 'पद, पदव्या व सन्मान'. पत्रके मोठ्या संख्येने गेली आणि थोडीच परत आली. आली ती बहुतेक त्या रकान्यात काहीतरी लिहिण्याजोगे असणाऱ्यांची. मग एका माजी विद्यार्थ्याने, जो शहरातच शिवणकामाचे दुकान चालवतो, समितीच्या सदस्याला स्पष्टच सांगितले, "साहेब, तिथे काय लिहू? डॅश मारू?" त्याच्या वर्गातले दोघे त्याला भेटायला कित्येक वर्षे तळमळत होते आणि तो त्या एका रकान्यापाशी अडून बसला होता. असे आणखी किती असतील? मॅट्रिक न झालेली, संसार मोडलेली, मुले दुरावलेली, भाड्याच्या खोलीत म्हातारपण काढणारी माणसे शाळेच्या मेळाव्याला येत नाहीत, याचे कारण त्यांना शाळा आठवत नाही हे नसते. आपल्याला काय झालो ते विचारतील, ही भीती असते. दुसऱ्या माहितीपत्रकातून तो रकाना काढला आणि त्या जागी दोन प्रश्न घातले: 'बाकावर शेजारी कोण बसे?' आणि 'कुणाला भेटावेसे वाटते?' उत्तरे आली. काहींनी तर पाठपोट लिहिली.

सगळेच शोध वेळेवर संपले नाहीत. ग्वाल्हेरला दिलेल्या एका मुलीचा माग तीन महिन्यांनी लागला, तेव्हा फोन तिच्या मुलाने घेतला. आईला जाऊन सात महिने झाले होते. तिची चौकशी करणारी मैत्रीण आज या सभागृहात दुसऱ्या रांगेत आहे. मुलाने एक छायाचित्र पाठवले: इयत्ता सातवीचे, मागे प्रत्येकीचे नाव पेन्सिलीने लिहिलेले. सर्व नावे शाळेतली. आईने ते देवघराच्या खणात ठेवले होते आणि ही मंडळी कोण, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. मैत्रिणीने त्या मुलाला फोनवरून एकेक नाव वाचायला लावले आणि कोण कशी होती ते सांगितले. त्याची आई वर्गात सर्वांत वेगाने पळे, हे त्याला साठाव्या वर्षापर्यंत गुडघेदुखीने त्रासलेली आई पाहिल्यावर प्रथमच कळले.

रायपूरच्या मैत्रिणीचे सांगायचे राहिले. फोन सुरू झाले खरे, पण तिला आता कानांनी साथ देईनाशी झाली आहे. बोलणे अर्धेच कळते आणि पुन्हा पुन्हा विचारायचा तिला संकोच वाटतो. म्हणून दोघींनी पुन्हा पत्रे सुरू केली आहेत. टपाल कार्यालयात आंतरदेशीय पत्र मागितले तेव्हा खिडकीतल्या तरुणाने खण उपसून ते शोधले, असे वडोदऱ्याच्या मैत्रिणीने सांगितले. पत्त्यावर ती सासरचे नाव लिहिते, नाहीतर पोस्टमन गोंधळेल. आत मायना शाळेतल्या नावाने. दिवाळीनंतर गुडघे ऐकले तर रायपूरची मैत्रीण वडोदऱ्याला येणार आहे. नाही ऐकले तर वडोदऱ्याची तिकडे जाईल. तिच्या मुलाने आरक्षण करून ठेवले आहे. कंपास मात्र सापडलेला नाही.

अजून सतरा विद्यार्थिनी मिळालेल्या नाहीत. त्यांची शाळेतली नावे, जन्मस्थळ आणि वर्ग असलेली यादी सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. चहाला जाण्यापूर्वी ती एकदा वाचावी. एखादे नाव ओळखीचे वाटले तर तिच्या भावाचे नाव तेवढे लिहून ठेवावे. पुढचे समिती पाहील.