बेकलचा किल्ला आणि चाळीखालचं हॉटेल

मी मूळचा मुंबईचा. नोकरीमुळे गेली अकरा वर्षं मंगळूरला राहतो. आज मी तुम्हाला एका सिनेमाची आणि त्याच्यामागे केलेल्या दोन दिवसांच्या प्रवासाची गोष्ट सांगणार आहे.

सिनेमा म्हणजे मणिरत्नमचा ‘बॉम्बे’, १९९५ सालचा. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्यातलं ‘तू ही रे’ आठवतंय ना? भरून आलेलं आभाळ, तटावर आपटणाऱ्या लाटा, मनीषा कोईराला धावत येते, तिचा बुरखा नांगरात अडकतो आणि ती तो तिथेच सोडून पुढे जाते. आम्ही मित्रांनी तो सिनेमा तीनदा पाहिला. बाबांनी एकदाही नाही. ते म्हणायचे, “जे डोळ्यांनी पाहिलं ते पुरे.”

आम्ही मध्य मुंबईतल्या चाळीत राहायचो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत नऊशे माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलं आहे. आमच्या चाळीत कुणी गेलं नाही. पण खाली एक छोटं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं, ते जानेवारीत बंद झालं. मालक कासरगोडकडचे. मलबारात मोठ्या भावाला इक्का म्हणतात, म्हणून सगळी चाळ त्यांना इक्काच म्हणायची.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा माझ्याकडे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. मी सहज म्हटलं, “बाबा, ते गाणं जिथे झालं तो बेकलचा किल्ला इथून जवळ आहे. जाऊ या?” ते म्हणाले, “सिनेमाचं मला काही नको. पण ते कासरगोडकडेच ना? मग चल.”

मंगळूरहून सहासष्ट नंबरचा हायवे धरला. हाच रस्ता पनवेलहून निघून कोकण, गोवा करत खाली कन्याकुमारीपर्यंत जातो. तलपाडीला कर्नाटक संपतं, पुढे मंजेश्वर, मग कासरगोड. नारळ, कौलारू घरं, जांभा दगडाचे गडगे. बाबा म्हणाले, “अरे, हे तर रत्नागिरीच.” चंद्रगिरी नदी ओलांडली की थोड्याच वेळात बेकल.

किल्ला सतराव्या शतकातला, केळदीच्या शिवप्पा नायकाने बांधलेला. पुढे तो हैदर आणि टिपूकडे गेला, मग इंग्रजांकडे. तोही जांभ्याचाच. टेहळणी बुरुजावर चढायला पायऱ्या नाहीत, रुंद उतार आहे, त्यामुळे बाबा हळूहळू वरपर्यंत आले. दाराशी हनुमानाचं देऊळ आणि जवळच जुनी मशीद. खाली समुद्र अगदी गाण्यातल्यासारखा, करडा.

मी उत्साहाने सांगत सुटलो, “सिनेमात हे तमिळ गाव दाखवलंय, पण समुद्र हा केरळचा. ‘कहना ही क्या’ गाणं मदुराईच्या तिरुमलै नायक महालात झालं. आणि दंगलीतली मुंबई? त्या गल्ल्या चेन्नईत सेट लावून उभ्या केल्या.”

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग तिकडच्या लोकांना आपली चाळ कशी कळली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना ते प्रत्येक टपरीवर गाडी थांबवायला लावायचे. पाच ठिकाणी आम्ही चहा प्यायलो. मुंबईचं नाव काढलं की कुणाचा काका निघायचा, कुणाचा भाऊ. एका म्हाताऱ्या मालकाने तर सरळ बम्बइया हिंदी सुरू केली. डोंगरीला वीस वर्षं काढली होती त्याने. त्याने विचारलं, “तुमच्या माणसाचं नाव काय?”

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना नाव माहीतच नव्हतं. दहा वर्षं रोज सकाळी त्यांच्याकडे चहा प्यायले, महिनाअखेरीस उधारी ठेवली, मी तापाने फणफणलो तेव्हा इक्कांनीच टॅक्सी आणून दिली. नाव मात्र कधी विचारलं नाही. त्या मालकाने चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “इधर तो सब इक्का है, साब.”

त्या रात्री आम्ही कासरगोडला मुक्काम केला. बाबा आपणहून म्हणाले, “लाव तो सिनेमा.” लॅपटॉपवर पूर्ण पाहिला. शेवटी लोक हात धरून साखळी करतात, तिथे त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “ते सामान टेम्पोत भरत होते. मी गॅलरीत उभा होतो. त्यांनी वर पाहिलंसुद्धा. मी खाली उतरायला हवं होतं.”

एकतीस-बत्तीस वर्षांत हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

इक्का सापडले नाहीत. सापडतील असंही वाटत नाही. पण मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच घरापासून लांब, दुसऱ्या राज्यात राहता. आवडत्या सिनेमाची जागा बघायला जरूर जा, फोटो काढा. ऑगस्टमध्ये गेलात तर छत्रीही न्या. आणि घरी परतलात की एक काम करा. तुम्हाला रोज चहा देणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा.