पूर्ण उपस्थितीचं बक्षीस

(1976 च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं आणि 'आकाशातले अनुभव' असा विषय दिला आहे. वादळं, विजा यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र झोपेबद्दल बोलणार आहे. जेवणानंतरचं सत्र आहे, त्यामुळे मागच्या रांगेत प्रात्यक्षिक सुरूही झालेलं दिसतंय.

काल रात्री दोघातिघांनी ग्लास पुढे करून म्हटलं, "आता रिटायर झालास, आता तरी घे." वैमानिक आणि दारू हा लोकांच्या आवडीचा विषय आहे, म्हणून तो आधी संपवतो. आपल्याकडे नियम कडक आहे. ड्युटीच्या आधी 12 तास मद्य घ्यायचं नाही, आणि शिवाय तपासणीत आकडा शून्यच आला पाहिजे. अमेरिकेत ही मर्यादा 8 तास आणि रक्तात 0.04 टक्के अशी आहे. आपल्याकडे अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी चढलेली दारू लवकर उतरत नाही. शरीर ती आपल्याच संथ गतीने बाहेर काढतं. म्हणून नळीत फुंकायला लावतात, आणि ते योग्यच आहे. नोकरीभर मी फुंकत आलो आणि माझा आकडा कायम शून्य आला.

पण त्या शून्याने मला एकदा फसवलं. ती गोष्ट मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

त्याआधी मंगळूरबद्दल सांगायला हवं. 22 मे 2010. दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 सकाळी सहानंतर मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना दरीत कोसळलं. 166 पैकी 158 माणसं गेली. चौकशीत कॉकपिटमधल्या आवाजांचं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. सुमारे एक तास चाळीस मिनिटं संभाषणच नव्हतं. कॅप्टन झोपले होते. उतरण्याआधी ते जागे झाले, पण गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ जडच असतो. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं की उतरू नका, पुन्हा वर घ्या. तरी सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीपैकी पाच हजारांहून जास्त फूट मागे टाकून विमान टेकलं. तिथे दारूचा काही संबंध नव्हता.

तो अहवाल मी वाचला, मान हलवली आणि मनात म्हटलं, 'माझ्याकडून असं होणार नाही.'

तीन-चार वर्षांनी माझी आई रुग्णालयात होती. दिवसा मी तिच्याजवळ बसायचो आणि रात्री ड्युटी करायचो. सलग तिसरी रात्र होती, मुंबई-मस्कत-मुंबई. दुपारी अर्धा तास खुर्चीतच डोळा लागला असेल. नियमाप्रमाणे माझे विश्रांतीचे तास पूर्ण होते. पण विश्रांतीची वेळ मिळणं आणि झोप होणं यांत फरक असतो. 'मी थकलोय, आज उडू शकत नाही' असं कळवायची सोय होती. मी कळवलं नाही. ऐनवेळी माझ्या जागी कोण जाणार, वरचे काय म्हणतील, उड्डाणाच्या तासांचा भत्ता जाईल, हे सगळं मनात आलं. नळीत फुंकलं. शून्य. सही केली आणि निघालो.

परतताना पहाटे चारच्या सुमारास मुंबई जवळ आली. पूर्वेकडून उतरायचं होतं, त्या बाजूला डोंगर आहेत. नियंत्रकाने चार हजार फुटांवर यायला सांगितलं. 'चार हजार' असं मी स्पष्ट उच्चारून उत्तर दिलं, आणि हाताने यंत्रावर तीन हजार लावलं. शेजारी चोवीस-पंचवीस वर्षांचा सहवैमानिक होता. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, चार म्हणाले. तुम्ही तीन लावलंय." मी आकड्याकडे पाहिलं, तरी मला चूक दिसेना. पुन्हा पाहिल्यावर दिसली. आम्ही अजून बरेच वर होतो, त्यामुळे काहीच घडलं नाही. मागे बसलेल्यांना कळलंही नाही.

उतरल्यावर मी त्याला विचारलं, "लगेच का नाही बोललास?" तो म्हणाला, "सर, तुम्ही इतके सीनियर. वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल." मंगळूरचा सहवैमानिक बोलला होता आणि ऐकलं गेलं नव्हतं. माझा सहवैमानिक गप्प बसण्याच्या बेतात होता. त्या दिवशी मी घरी जाऊन लिहून दिलं की मी थकलेल्या अवस्थेत विमान चालवलं आणि ही चूक केली. लिहिताना हात जड झाला होता.

1997 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सलग 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी घसरते, आणि पूर्ण रात्र जागल्यावर ती 0.1 टक्क्याच्या आसपास पोचते. म्हणजे त्या रात्री नळीने मला शून्य दिलं, तरी मी प्यायल्यासारखाच होतो. त्यात पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. दारूची नळी आहे, थकव्याची नाही. आणि थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय हे नीट कळत नाही, कारण जो मेंदू हे ठरवणार, तोच थकलेला असतो.

डिसेंबर 2025 मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'वैमानिकांचे लाड चाललेत.' मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देतो. नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली आणि रात्रीची उतरणी सहावरून दोनवर आणली. तेवढी माणसं हाताशी नव्हती, हे त्या गोंधळाचं एक मोठं कारण होतं. तुमचं लग्नकार्य, मुलाखत चुकली असेल, तो त्रास खराच. पण हे लाड नाहीत. पहाटे चार वाजता शेवटचा आकडा लावणाऱ्या हाताची ती काळजी आहे.

आता शाळेकडे येतो. सातवीत मला पूर्ण उपस्थितीचं बक्षीस मिळालं होतं, कंपासपेटी. आठवीतही ते मिळवायचं म्हणून एका पावसाळी सकाळी मी ताप घेऊन वर्गात येऊन बसलो. बाईंनी कपाळाला हात लावला आणि शिपायाच्या सायकलवर बसवून मला घरी पाठवलं. मी रडत होतो. बाई म्हणाल्या, "बाकावर बसलास म्हणून हजर झालास असं नाही रे." बाई समोर बसल्या आहेत. त्यांना हे आठवत नसेल. मलाही त्या मस्कतच्या रात्रीपर्यंत आठवलं नव्हतं.

बाई, चाळीस वर्षं उशिरा का होईना, धडा पाठ झाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चार वेळा 'आज नको' म्हणालो. प्रत्येक वेळी लाज वाटली, आणि प्रत्येक वेळी दुसरा कुणीतरी ते विमान सुखरूप घेऊन गेला.

आम्हाला निघण्याआधी स्वतःला सहा गोष्टी विचारायला शिकवतात: आजारी आहे का, कुठलं औषध घेतलंय, मनावर ताण आहे का, दारू घेतली का, झोप झाली का, जेवलोय का. सर्दीची साधी गोळीही गुंगी आणते, हे लक्षात असू द्या. आज रात्री तुमच्यापैकी बरेच जण गाडी चालवत पुण्याला, नाशिकला परतणार आहेत. आपण सगळे पासष्टीचे आहोत, आणि काल दोनपर्यंत गप्पा मारत बसलो होतो. गाडीची किल्ली फिरवण्याआधी हे सहा प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर अडलं, तर इथेच राहा. सकाळी पोहे खाऊन निघा. घरी उशिरा पोचलात म्हणून कुणी गैरहजेरी लावणार नाही.