हे फक्त मलाच होते का?
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. बँकेत काउंटरमागे बसून लोकांच्या स्लिपा तपासणारा क्लार्क आहे. शिक्षणही कला शाखेचे, वैद्यकाचे नाही. तरीही आज आपल्या शरीराविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करतो आहे. विषय थोडा अवघड आहे, म्हणून वडीलधाऱ्यांची आधीच क्षमा मागतो.

मी सतरा वर्षांचा होतो. येरवड्याला एका खोलीत आम्ही सात जण झोपायचो. कधीकधी झोपेतच माझी चड्डी ओली व्हायची. सगळे उठण्याआधी मी सार्वजनिक नळावर जाऊन ती धुऊन टाकायचो. रेल्वेलगतच्या भिंतींवर तेव्हा मोठ्या अक्षरांत जाहिराती असायच्या : ‘धातू जाणे, कमजोरी, आजच भेटा.’ रक्ताच्या चाळीस थेंबांतून एक थेंब तयार होतो, असे मित्र सांगायचे. मी खरे मानले. क्लासच्या फीमधून औषधाच्या बाटल्या आणल्या. आपण आता फार जगत नाही, या विचाराने बारावीचे वर्ष वाया घालवले. घरात मात्र अवाक्षर काढले नाही.

वयात येणाऱ्या मुलांमध्ये ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. वीर्य शरीरात सतत तयार होत असते, त्याने रक्त आटत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या भीतीलाच ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. म्हणजे आजार धातूचा नव्हता, भीतीचा होता!

बंधू-भगिनींनो, असे प्रश्न विचारण्याची जागा या महाराष्ट्रात फार पूर्वी निर्माण झाली होती. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेच हे वर्ष. लोक आपल्या मनातल्या शंका कर्व्यांना पत्राने कळवायचे आणि ते शास्त्राच्या आधारे उत्तर द्यायचे. हस्तमैथुनासारख्या विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभे राहिले? बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोकांच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मासिक बंद पडले नाही. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्वे ते चालवीत राहिले.

दरवर्षी मी जयंतीच्या मिरवणुकीत नाचत होतो, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ज्या प्रश्नाची मला लाज वाटत होती, त्याच प्रश्नासाठी माझ्या बाबासाहेबांनी अंगावर कोट चढवला होता.

आता दुसरी गोष्ट सांगतो. माझ्या आईची पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. पुन्हा अंगावर जाऊ लागले. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ती धण्याचे पाणी प्यायली. आठ महिने ती कोणाला बोलली नाही. मुलाला सांगायचे तरी कसे? अक्काने दोरीवरचे कपडे पाहिले तेव्हा कळले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. आई गेली.

एकाच घरातली ही दोन माणसे. मला काहीच झाले नव्हते, तरी मी मरणाला भ्यालो. आईला आजार होता, तरी ती निर्धास्त राहिली. दोघांची चूक एकच : आम्ही विचारले नाही.

म्हणून सांगतो. दिवसातून तीनदा शौचाला जाणारा माणूस निरोगी असू शकतो आणि आठवड्यातून तीनदा जाणाराही. पण कोणाची नेहमीची सवय एकाएकी बदलली, शौचातून रक्त गेले, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, स्तनात गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

माझी एक नम्र विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, पत्नीला, वयात आलेल्या मुलाला एवढेच विचारा : ‘तब्येतीचे काही मनात आहे का?’ आणि त्यांनी सांगितले, तर हसू नका.

मी आईला ते कधी विचारले नाही. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!