सूनियनचं समुद्रदेऊळ

अथेन्सहून किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे ७० किलोमीटर गेलं की सूनियनचं भूशिर लागतं. तिथे कड्यावर समुद्रदेव पोसायडनच्या देवळाचे पांढरे खांब उभे आहेत. आधीचं देऊळ इराणी सैन्याने इसवी सनपूर्व ४८० मध्ये उद्ध्वस्त केलं. हे नंतरचं, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळातलं. खांब जरा निरखून पाहा. डोरिक या ग्रीक शैलीच्या खांबावर सहसा २० उभ्या पन्हळी असतात, इथे १६च. स्थानिक संगमरवर मऊ, त्यात खारा वारा. पन्हळी कमी म्हणजे झिजणाऱ्या कडाही कमी, असं जाणकार मानतात. एका खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव आहे. ते त्यानेच कोरलं म्हणतात. कवी थोर, पण खोड आपल्या गडांवर नावं कोरणाऱ्यांचीच! जायचं तर सूर्यास्ताला जा. गर्दी असते, पण वेळ तीच खरी.